कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर गोल्फचे दोनच राउंड मिळणार आहेत. कुठे खेळावं, काय खावं?

एक राउंड इनवर्नेसच्या कॅबट क्लिफ्स कोर्सवर, दुसरा इंगनिशच्या हायलँड्स लिंक्सवर. क्लिफ्सच्या सोळाव्या होलला चेंडू थेट कड्यावरून पलीकडच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, टाकायचा असतो. वारा समोरून असेल तर नेहमीपेक्षा एक पायरी लांब मारणारा क्लब (गोल्फची काठी) घ्या.

तरी माझा जीव हायलँड्सवर. स्टॅनली थॉम्पसननं आखलेला हा कोर्स पायीच खेळा. बाराव्यानंतर क्लायबर्न ओढ्याच्या काठानं तेराव्यापर्यंत जी लांब वाट आहे, ती गोल्फकार्टमधून उरकण्यासारखी नाहीच. पाण्याची खळखळ ऐकत चाला.

जेवणाचं म्हणाल तर मे-जूनमध्ये बंदरावरचा ताजा लॉब्स्टर, सोबत फक्त वितळलेलं लोणी. एरवी गरमागरम सीफूड चाउडर, म्हणजे मासळीचं दाट सूप. आणि बॅगेत दोन ओटकेक (ओटची बिस्किटं) टाकाच, हायलँड्सचे चढउतार भूक लावतात.