गोळ्यांऐवजी आहार पुरेल का?

"मॅडम, गोळ्या नकोत. काय खाल्ले म्हणजे मन थाऱ्यावर येईल, तेवढे सांगा." नैराश्य असलेल्या अनेकांकडून मी ही विनंती वारंवार ऐकते. चाळिशीच्या एक शाकाहारी गृहिणी (ओळखीचे तपशील बदलले आहेत) अक्रोड, जवस अशा पदार्थांची यादीच घेऊन आल्या होत्या. थकवा, चिडचिड, कशातच रस नसणे आणि तळपायांना मुंग्या, अशा त्यांच्या तक्रारी होत्या.

"काल केव्हा आणि काय जेवलात?" मी विचारले.

"सकाळी चहा-खारी. दुपारी सगळ्यांचे झाल्यावर उरलेली पोळी-भाजी."

"दूध, दही?"

"मुलांना पुरायला हवे ना!"

मुंग्यांमुळे मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. बी-१२ जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन दोन्ही कमी निघाले. बी-१२ शाकाहारी माणसाला मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते आणि त्याच्या कमतरतेने मनही खचू शकते. इंजेक्शने सुरू झाली, मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्याही चालू राहिल्या, परंतु ताट मात्र बदलेना.

एके दिवशी मी विचारले, "उद्या सासरी तुमच्या लेकीने असेच शेवटी, उरलेले खावे का?"

"मुळीच नाही. मी तिला असे कधीच शिकवणार नाही."

मी काहीच बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्याच म्हणाल्या, "पण ती रोज मलाच बघते आहे."

त्या आठवड्यापासून त्या सर्वांबरोबर जेवायला बसू लागल्या. मी विवेकनिष्ठ विचारसरणी मानते, म्हणजे त्रास देणाऱ्या समजुती विवेकाने तपासून बदलता येतात असे मानते. 'आधी स्वतः जेवणे म्हणजे स्वार्थ' ही समजूत हलल्याशिवाय कोणताही आहारतक्ता ताटापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांच्या सोबतीने मला लख्ख दिसले, आणि ते उमगण्याचा क्षण त्यांनी स्वतः गाठला याचे मला विशेष समाधान आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ऑस्ट्रेलियात नैराश्य असलेल्या ६७ प्रौढांवर झालेला १२ आठवड्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आहाराचे मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी ३२ टक्के, तर केवळ गप्पा-सोबत मिळालेल्यांपैकी ८ टक्के लोकांची लक्षणे जवळजवळ ओसरली. मात्र त्यांतील बहुतेकांचे उपचार आधीपासून चालूच होते. म्हणून आहार उपचाराच्या जोडीला घ्यावा. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. महाग अक्रोडांवाचून काही अडत नाही. भाकरी, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे आणि ताक रोज वेळेवर पोटात जावे, भाजीवर लिंबू पिळावे, आणि चहा जेवणाला लागून घेऊ नये, कारण त्याने लोह कमी शोषले जाते. जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र आहाराचे प्रयोग करत न बसता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.