पॅराडाइज लॉस्ट या मेटल बँडच्या नव्या 'असेन्शन' अल्बममध्ये एवढा अंधार कुठून येतो? धाकटा भाऊ सारखा तोच लावतो, आई म्हणते सैतानाचं संगीत आहे. काळजी करू का?

आईला सांगा, यात सैतानाची पूजा नाही. हा शोक आहे.

बँड उत्तर इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचा. लोकर आणि गालिच्यांच्या गिरण्यांचं हे गाव. तिथला डीन क्लफ हा गालिच्यांचा अवाढव्य कारखाना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला आणि १९८८ साली ही पोरं एकत्र आली. हा संबंध मी जोडतोय, पण मी जळगावचा आहे. खान्देश मिल बंद पडली त्याच्या गोष्टी घरात ऐकतच वाढलो. त्यामुळे हा सूर मला परका वाटला नाही.

बाकी वारसा सरळ आहे: ब्लॅक सॅबथ या जुन्या मेटल बँडचे संथ, जड रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटी, आणि शेजारच्या लीड्समधल्या सिस्टर्स ऑफ मर्सी या बँडचं गॉथ रॉक, म्हणजे उदास, काळोख्या सुरांचं रॉक. १९९१च्या 'गॉथिक' अल्बममध्ये पॅराडाइज लॉस्टने गुरगुरत्या आवाजाच्या जोडीला बाईचा आवाज आणि ऑर्केस्ट्रासारखे कीबोर्ड घेतले. गॉथिक मेटल म्हणतात त्याचा पाया तिथे पडला.

'असेन्शन' सप्टेंबर २०२५चा, त्यांचा सतरावा अल्बम. त्याचं मुखपृष्ठ भावासोबत बसून नीट बघा. ते जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराचं 'द कोर्ट ऑफ डेथ' आहे. मृत्यू सिंहासनावर बसलाय, मांडीवर तान्हं मूल. समोर सैनिक तलवार ठेवतोय, सरदार मुकुट ठेवतोय. गोरगरिबांच्या दफनभूमीतल्या प्रार्थनाघरासाठी वॉट्सने हे योजलं होतं. म्हणजे ज्यांचं कुणी मेलंय, त्यांनी बघावं म्हणून. अल्बमही मला तसाच वाटतो. निक होम्स कधी गुरगुरतो, कधी साफ गळ्याने गातो, आणि ग्रेग मॅकिंटॉशची गिटार त्याच्या मागून रडत राहते.

आपल्या खेड्यांत मयताच्या घरी बाया हेल काढून रडतात. गेलेल्याची एकेक आठवण सुरात सांगतात, बाकीच्या तिला धरून बसतात. त्या बाईला कुणी वेडी म्हणत नाही, गप्प बस म्हणत नाही. मोकळं झाल्याशिवाय ती उठणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. शहरात, फ्लॅटमध्ये, एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला तशी जागा कुठे आहे? मला ती या संगीतात मिळाली. माझे आजोबा गेले तेव्हा घरात कुणाशी बोलवत नव्हतं, तेव्हा याच बँडचे जुने अल्बम रात्र-रात्र ऐकले.

भाऊ जेवत नसेल, झोपत नसेल, मित्रांना टाळत असेल, तर त्याच्याशी बोला आणि गरज वाटली तर डॉक्टरकडे न्या. पण अल्बम बंद करायला लावू नका.

तुम्हाला स्वतःला ऐकायचं असेल तर १९९५च्या 'ड्रॅकोनियन टाइम्स'पासून सुरू करा. त्यात गुरगुर नाही, चाली लगेच लक्षात राहतात. मग 'असेन्शन', आणि तो भावाच्या खोलीत त्याच्यासोबत, स्पीकरवर.