52 हजारांसाठी 15 लाखांचं खातं मोडायचं?

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त, पेन्शनवर घर आरामात चालतं. स्पितीपासून व्हिएतनामपर्यंत सगळं स्वतः आखून फिरलो. यंदा पहिल्यांदाच क्रूझ केली, भूमध्य समुद्रात 7 रात्री. रोमला जेमतेम साडेचार तास मिळाले, मन खट्टू झालं. पण जहाजावरच सवलत आहे म्हणून पुढच्या सप्टेंबरच्या ग्रीक बेटांच्या क्रूझसाठी 52 हजार भरून बसलो. ते परत मिळणार नाहीत. उरलेले 4 लाख 60 हजार भरायला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं 14 महिन्यांपूर्वीचं 15 लाखांचं खातं मोडावं का? यांच्या गुडघ्यांना जहाज बरं, असं मुलगा म्हणतो.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, मोडू नका.

या योजनेतून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं पूर्ण बंद करावं लागतं. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान बंद केलं की मुद्दलातून दीड टक्का कापतात. तुमचे 22,500 रुपये तिथेच गेले. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 30,750 रुपयेही थांबतील. उरलेली रक्कम पुन्हा गुंतवता येईल, पण त्या दिवशी जो दर असेल त्याने.

तुम्ही पाठवलेलं जहाजावरचं बिल मी दोनदा वाचलं. माणशी रोजची टिप, वायफाय, बंदरावरच्या सहली, सगळं मिळून भाड्यावर 84 हजार. पुढच्या वेळीही एवढाच खर्च धरला, तर 52 हजार वाया जाऊ नयेत म्हणून तुम्ही उरलेले 4 लाख 60 हजार, हे 84 हजार आणि खातं मोडल्याचे 22,500, असे आणखी 5 लाख 66 हजार 500 घालवणार. विमान आणि व्हिसा वेगळा. ते 52 हजार तर गेलेच आहेत, तुम्ही जहाजावर चढलात तरी ते परत येत नाहीत.

रोमचं जे झालं ते योगायोगाने नाही. जहाज चिवितावेक्कियाला लागतं, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. तुमचा अर्धा दिवस बसमध्येच गेला असणार. सँटोरिनीला जहाज बाहेरच नांगर टाकतं, छोट्या बोटीने किनाऱ्यावर यायचं, मग केबल कारची रांग, नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या. त्यात 2025 पासून तिथे उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाला हंगामात 20 युरो कर आहे. (हंगाम सप्टेंबरअखेरपर्यंत असतो.)

गुडघ्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. रोज सामान बांधणं-सोडणं नाही, हे सुख मोठं. पण हलणाऱ्या छोट्या बोटीत पाय टाकणं दुखऱ्या गुडघ्याला सोपं नसतं. त्यापेक्षा अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून फेरीबोटीने जा, एकाच बेटावर चार-पाच रात्री राहा, पायऱ्या नसलेली खोली आधी विचारून घ्या. तुमची फिरण्याची रीत तीच आहे. खर्चासाठी तिमाही व्याज आतापासून वेगळं ठेवा, वर्षात 1 लाख 23 हजार होतात.

आता दोन कामं लगेच करा. उरलेली रक्कम भरायची शेवटची तारीख बुकिंगच्या कागदावर पाहा आणि त्याआधी ईमेलने रद्द करून लेखी पोच घ्या. ती तारीख उलटली की 52 हजारांवर भागत नाही, कापायची रक्कम वाढत जाते. दुसरं, पहिल्या सहलीवर एजंटाने घेतलेला टीसीएस (परदेश सहलीच्या पैशांसोबत आगाऊ घेतला जाणारा कर) 26एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या नोंदीत, दिसतो का ते तपासा. तो खर्च नाही, तुमचाच पैसा आहे. रिटर्न भरताना दाखवा, देय करातून वजा होईल आणि कर लागत नसेल तर परत मिळेल.