बाण कुठे काढायचा आणि प्रश्नचिन्ह कुठे

प्रश्न : मला पदवीला जागतिक इतिहास घ्यायचाय. बाबा विचारतात, "जगभरच्या सनावळ्या पाठ करून पोट भरणार का?" काय करू?

उत्तर : सनावळ्याच पाठ करणार असशील, तर बाबांचं ऐक.

पण हा विषय म्हणजे देशोदेशींच्या इतिहासांची चळत नव्हे. एकीकडची घडामोड दुसरीकडे कशी पोचते, हे शोधणं हे त्याचं खरं काम. जमतंय का ते आधी तपासून बघ. आडव्या कागदावर चार रकाने आख : अमेरिका, युरोप, चीन, दक्षिण आशिया. डावीकडे 1540 ते 1650, दर दहा वर्षांना एक ओळ. आता फक्त चांदीचा माग काढ. 1545 मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीला चांदी सापडली. तिथे पुढे सक्तीने आणलेले मजूर राबले. त्याच शतकात मिंग घराण्याच्या चीनमध्ये कर चांदीत भरायची पद्धत रुळत गेली. 1571 मध्ये स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्समधलं मनिला ताब्यात घेतलं, आणि मेक्सिकोतून तिथे चांदी जाऊ लागली, उलट वाटेने चिनी रेशीम येऊ लागलं. स्पेन आणि चीन वेगवेगळे वाचलेस तर हा धागा दोन्हीकडून निसटतो.

मात्र दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एका रकान्यातून दुसऱ्याकडे बाण काढू नकोस. नवखे हमखास इथेच फसतात. माल, माणूस, रोग किंवा कागद प्रत्यक्ष गेल्याचा पुरावा हवा. 1644 मध्ये बीजिंग पडलं आणि मिंग राजवट कोसळली, त्यात चांदीची आवक घटल्याचा वाटा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. तिथे प्रश्नचिन्हच टाक.

तारखाही जपून. 1582 मध्ये स्पेनने नवी, म्हणजे ग्रेगरियन दिनदर्शिका घेतली, तेव्हा तिथे 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 उजाडली. इंग्लंडने मात्र 1752 पर्यंत जुनी दिनदर्शिका सोडली नाही. हिजरी वर्ष 354-355 दिवसांचं, त्यामुळे नुसते 622 मिळवून इसवी सन निघत नाही.

नोकरीचं म्हणशील, तर नुसती पदवी लंगडीच. जोडीला मूळ कागद वाचता येईल इतकी एक परकी भाषा, थोडं संख्याशास्त्र आणि संगणकावर नकाशे करणं शीक. मग संग्रहालयं, अभिलेखागारं, पत्रकारिता, भाषांतर, संशोधन अशी दारं उघडतात. अध्यापनाला बहुतेक ठिकाणी पुढची पदवी लागते, ती वर्षं हिशेबात धर.

आधी दोन आठवडे घेऊन तो कागद भर. एकही प्रश्नचिन्ह पडलं नाही, तर निवडीचा पुन्हा विचार कर. पाच-सहा पडली आणि त्यांनी झोप उडवली, तर तोच कागद बाबांपुढे ठेव.