मेम्ब्रेनने गाळलेल्या तेलात व्हिटॅमिन राहतं का?

प्रश्न : रिफाइंड तेलात व्हिटॅमिन-बिटॅमिन काही उरत नाही असं सगळेच सांगतात. आता म्हणे मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिशय बारीक भोकांच्या पडद्यातून, गाळून रिफाइन करतात आणि पोषण तसंच राहतं. खरंय का हे, की नुसतं मार्केटिंग?

उत्तर : काहीच उरत नाही हे जरा अतीच झालं, पण कमी होतं हे खरं. नेहमीच्या पद्धतीत आधी गम म्हणजे फॉस्फोलिपिड नावाचे चिकट घटक काढतात, मग कॉस्टिक सोडा घालून तेलातलं सुटं फॅटी अ‍ॅसिड, मग ब्लीचिंगच्या मातीने रंग (कॅरोटीन बरंचसं इथेच जातं), आणि शेवटी डिओडरायझेशन, म्हणजे व्हॅक्यूममध्ये 200 डिग्रीच्या वर तापलेल्या तेलातून वाफ सोडून वास घालवायचा. त्या वाफेबरोबर व्हिटॅमिन ई आणि स्टेरॉल (वनस्पतीतला मेदासारखा घटक) यांचाही बराच भाग उडतो, आणि गंमत म्हणजे तो वाया जात नाही, त्यातूनच व्हिटॅमिन ई काढून वेगळं विकतात!

मेम्ब्रेनचं काम मुख्यतः गम काढायचं. आता फॉस्फोलिपिडचा एक रेणू तेलाच्या रेणूपेक्षा थोडा लहानच असतो, मग चाळणीत अडकणार कसा? तर तेल हेक्झेन या द्रावकात विरघळवलेलं असताना हे रेणू एकमेकांना चिकटून गोळे करतात, आणि एकेका गोळ्याचं वजन तेलाच्या रेणूच्या वीसेक पट किंवा जास्तच भरतं, म्हणून ते अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनवर अडकतात आणि तेल खाली उतरतं. व्हिटॅमिन ई चा रेणू तर तेलाच्या निम्माच, तो आरामात तेलाबरोबर जातो. ना जास्त उष्णता, ना पाण्याने धुणं, त्यामुळे तो टिकतो. हेक्झेन नंतर उडवून परत वापरतात, ते काही नवीन नाही, बिया पिळून उरलेलं तेल काढायला तो तसाही लागतोच.

पण फॅटी अ‍ॅसिडच्या बाबतीत घोडं अडतं. तो रेणू लहान असतो, तेलाचा साधारण एक तृतीयांश, पण तो आणि तेल दोन्ही आरपार जायला बघतात, मेम्ब्रेन नीट निवड करत नाही. शिवाय भोकं बुजून प्रवाह मंदावतो, आणि हेक्झेनमध्ये टिकेल असं मेम्ब्रेन महाग पडतं. वास तर गाळून जातच नाही, त्यासाठी डिओडरायझेशन बहुतेक करावंच लागतं, मग गाळताना वाचवलेलं व्हिटॅमिन तिथे जाऊ शकतं. म्हणून लेबलवर नुसतं मेम्ब्रेन वाचून भुलू नका, टोकोफेरॉल (म्हणजे व्हिटॅमिन ई) किती मिलिग्रॅम आहे ते छापलंय का बघा, नसेल तर कंपनीला सरळ विचारा.