बँकेच्या चुकीने जमा झालेली रक्कम खर्च केली, तर?

प्रश्न : राष्ट्रीयीकृत बँकेतील माझ्या बचत खात्यात मार्चमध्ये ८४,००० रुपये जमा झाले. पीकविम्याची भरपाई आली असावी, असे समजून मी त्यातील ३१,००० रुपये खते आणि ठिबकच्या नळ्यांवर खर्च केले. पुढे शाखेतून फोन आला, की खाते क्रमांक चुकल्यामुळे दुसऱ्याची रक्कम माझ्याकडे आली आहे. त्यानंतरही मी एटीएममधून ९,००० रुपये काढले. आता बँकेने माझे संपूर्ण खाते गोठवले आहे. चूक बँकेची असताना भुर्दंड मी का सोसावा? ऑस्ट्रेलियात अशाच प्रकरणात एक तरुण निर्दोष सुटल्याचे वाचले. मार्गदर्शन करावे. – एक वाचक, निफाड

उत्तर : चूक बँकेची असली, तरी रक्कम तुमची होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात आणि देणाऱ्याचा निष्काळजीपणा दाखवून ही जबाबदारी सहसा टळत नाही. मुदतीचा आधारही तुम्हाला मिळणार नाही, कारण वसुलीच्या दाव्याची तीन वर्षे चूक उघडकीस आल्यापासून मोजली जातात. जादा दिलेल्या पगाराच्या वसुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना दिलेला दिलासा अनेक वाचक पुढे करतात. तो मालक-नोकर संबंधापुरता आहे, तुमच्या प्रकरणाला लागू होत नाही.

फौजदारी जबाबदारीचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो तुमच्या मनात पैसे खर्चताना काय होते, यावर ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ नुसार दुसऱ्याच्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार करणे हा गुन्हा असून, त्यासाठी किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. आपलीच वस्तू समजून कोणी दुसऱ्याची वस्तू घेतली, तर तो गुन्हा नव्हे. पण खरे कळल्यावरही ती अप्रामाणिकपणे आपल्यासाठी वापरली, तर गुन्हा ठरतो, असे कायद्यातील उदाहरणातच सांगितले आहे. त्यामुळे पीकविम्याच्या समजुतीने खर्चलेले ३१,००० रुपये हे, ती समजूत खरोखर प्रामाणिक असेल, तर केवळ दिवाणी देणे राहील. फोननंतर काढलेल्या ९,००० रुपयांबाबत हा बचाव उरत नाही, म्हणून ती रक्कम आजच भरून पावती घ्यावी.

ऑस्ट्रेलियातील त्या तरुणाची गोष्ट निराळी आहे. खात्यात शिल्लक नसतानाही बँक त्याला रकमा देत राहिली आणि त्याने वीस लाख डॉलरहून अधिक उचलले. त्याने बँकेची फसवणूक केली नाही, म्हणून २०१६ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. देणे माफ झाले, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय आपल्याकडील अपहाराच्या गुन्ह्याला फसवणूक सिद्ध होण्याची गरजच नसते.

खात्यात उरलेले ४४,००० रुपये बँकेने परत घ्यावेत, अशी लेखी संमती द्यावी आणि ३१,००० रुपयांसाठी हप्ते मागावेत. शाखा व्यवस्थापक सहसा तयार होतात, कारण दावा लावणे त्यांनाही परवडत नाही. संपूर्ण खाते गोठवण्यास मात्र अवश्य हरकत घ्यावी : गोठवणूक केवळ वादातील रकमेपुरती ठेवा, असा अर्ज देऊन पोच घ्यावी आणि तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. दरम्यान “चुकून आलेले पैसे या क्रमांकावर पाठवा” असा फोन आला, तर एक रुपयाही पाठवू नये. परतफेड शाखेत जाऊन, पावतीवरच करावी.