पाच डेस्कटॉप नकोत, तीन करा. आणि प्रोग्रॅमवार नको, कामवार करा

ताई, तुमची अडचण मला कळली ती अशी: नाशिकला दिंडोरी रोडला द्राक्ष निर्यातीचं ऑफिस, चौदा इंची लॅपटॉप, विंडोज ११. ग्रेपनेट (निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद असलेली सरकारी वेबसाइट), मालाच्या लॉटचं एक्सेल, हिशोबाची टॅली, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब दिवसभर उघडं. म्हणून प्रत्येकाला एक असे विंडोजमधले पाच डेस्कटॉप (एकाच लॅपटॉपवरचे वेगवेगळे पडदे) केलेत आणि आता निम्मा वेळ फाईल कुठल्या डेस्कटॉपवर आहे हे हुडकण्यात जातो.

वाटणीच चुकली आहे. ग्रेपनेटवर प्लॉटचा नोंदणी क्रमांक बघायचा, रेसिड्यू रिपोर्टशी (द्राक्षातल्या औषधांच्या अंशाच्या तपासणीशी) ताडायचा आणि एक्सेलमध्ये भरायचा, हे एकच काम. ते तुम्ही दोन-तीन डेस्कटॉपांवर पांगवलंत, त्यामुळे दर ओळीला इकडून तिकडे उडी मारावी लागते. जे एकमेकांशी ताडून बघायचं, ते एकाच डेस्कटॉपवर हवं. मी तुमच्या जागी असतो तर तीनच ठेवले असते: निर्यात, हिशोब, बोलणी.

विंडोज + टॅब दाबा, खाली डेस्कटॉप दिसतील. नावावर क्लिक करून ही नावं द्या. उजवं क्लिक करून प्रत्येकाला वेगळा वॉलपेपर पण लावा. पोरखेळ वाटेल, पण आपण कुठे आहोत हे नाव वाचण्याआधी रंगावरून कळतं. जादा डेस्कटॉप बिनधास्त बंद करा. त्यातल्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर जातात. मग त्याच दृश्यात विंडो माऊसने ओढून हव्या त्या डेस्कटॉपवर सोडा. दिवसभर ये-जा करायला विंडोज + कंट्रोल + डावा किंवा उजवा अ‍ॅरो. नवीन डेस्कटॉप विंडोज + कंट्रोल + डी ने होतो, पण तुम्हाला तो आता लागू नये.

आता 'निर्यात'वर या. ग्रेपनेटची विंडो समोर असताना विंडोज + डावा अ‍ॅरो दाबा. ती डाव्या अर्ध्यात बसते आणि उरलेल्या जागेत काय ठेवायचं ते विंडोजच विचारतं. तिथे एक्सेल निवडा. मधली रेघ ओढली की दोन्ही विंडो एकदम लहान-मोठ्या होतात, म्हणून एक्सेलला थोडी जास्त जागा द्या. चौदा इंचात तीन भाग करायच्या भानगडीत पडू नका, अक्षरं मुंगीएवढी होतात. एकाच वर्कबुकमधली दोन शीट समोरासमोर हवी असतील तर एक्सेलच्या व्ह्यू टॅबमध्ये न्यू विंडो आहे. हे फार जण वापरत नाहीत, आणि मला तर त्याशिवाय लॉटची यादी तपासताच येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप सगळ्या डेस्कटॉपांवर दिसावं असं तुम्ही म्हणता. सोय आहे: विंडोज + टॅबमध्ये त्या विंडोवर उजवं क्लिक करा, सगळ्या डेस्कटॉपांवर दाखवण्याचा पर्याय येतो. मी मात्र हे करू नका म्हणेन. बागायतदारांचे फोटो आणि 'गाडी कुठवर आली' हे सगळं मेलसोबत 'बोलणी'तच राहू दे. सगळीकडे ठेवायचा तर कॅल्क्युलेटर ठेवा.

फाईल हरवण्याचं मूळ सेटिंगमध्ये आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, मल्टिटास्किंग असं जा. टास्कबारवर आणि ऑल्ट + टॅबमध्ये फक्त चालू डेस्कटॉपच्या विंडो दाखवायच्या की सगळ्या, हे तिथे वेगवेगळं ठरवता येतं. टास्कबार फक्त चालू डेस्कटॉपचाच ठेवा, नाहीतर तिथे आपल्या नाशिकच्या द्वारका चौकासारखी कोंडी होते. ऑल्ट + टॅब मात्र सुरुवातीला सगळ्या डेस्कटॉपांचं करा. फाईल कुठेही असली तरी त्यात सापडते आणि निवडली की तिच्या डेस्कटॉपवर नेते.

कॉपी केलेलं डेस्कटॉप बदलला म्हणून जात नाही. विंडोज + व्ही एकदा चालू करून घ्या, मागचे २५ तुकडे तिथे मिळतात. कंटेनर नंबर आणि इन्व्हॉइस नंबर एका दमात कॉपी करून हिशोबात दोन्ही चिकटवता येतात.

डेस्कटॉप वाढवले म्हणून मशीन हलकं होत नाही, रॅम सगळ्यांची मिळून एकच. आणि ही कुलूपबंद खोली नव्हे. शेजारी बसलेल्याने विंडोज + टॅब दाबलं की तुमचा टॅलीचा आकडा त्याच्यासमोर. उठताना विंडोज + एल दाबत जा. लॅपटॉप रीस्टार्ट झाला तर डेस्कटॉप आणि नावं टिकतात, पण प्रोग्रॅम पुन्हा उघडून जागेवर लावावे लागतात. म्हणून सीझनमध्ये मी शटडाऊन न करता स्लीपवर ठेवतो.

दुसऱ्या मॉनिटरबद्दल विचारलंत. ऑफिसात जुना पडून असेल तर जरूर जोडा, विंडोज + पी दाबून एक्स्टेंड निवडा. फक्त विंडोजमध्ये डेस्कटॉप बदलला की दोन्ही मॉनिटरवरचा एकदमच बदलतो. एकावर निर्यात कायम आणि दुसऱ्यावर बाकीचे फिरते, असं सरळ होत नाही. त्यासाठी कायम हवी ती विंडो दुसऱ्या मॉनिटरवर नेऊन वर सांगितलेल्या उजव्या क्लिकने सगळ्या डेस्कटॉपांवर दाखवा, म्हणजे ती हलत नाही.